आधी कार्ड, मग प्रोसेसर: घरी जुळवलेल्या पीसीचं अपग्रेड, नाशिकच्या हिशोबाने

माझा पीसी मी २०१९ मध्ये घरीच जुळवला होता. एएमडीचा रायझन ३ २२००जी प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड (पुढे नुसता बोर्ड), ८ जीबीची एकच रॅम, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नाहीच, प्रोसेसरच्या आत जे व्हेगा ८ असतं त्याच्यावरच सगळा कारभार. सहा वर्षं त्याने कुरकूर न करता साथ दिली. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी जे प्रोसेसर चालतील म्हणून यादी दिलीय त्यात २२००जी नाही. त्यात व्हिडिओ एडिटिंगचं काम वाढलं, टाइमलाईनवर दोन लेयर टाकले की प्लेबॅक अडखळायचा, मग ठरवलं की आता हात घालायचाच.

दुकानात विचारलं तर सगळीकडे एकच ऐकायला मिळतं, बोर्ड-प्रोसेसर-रॅम सगळंच नवीन घ्या. बऱ्याच वेळा त्याची गरज नसते. माझा बोर्ड तोच आहे, रॅमला तसलीच दुसरी ८ जीबीची जोड दिली, आणि आज त्यात रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड बसलेत. हे सगळं इंदिरानगरमधल्या घरी, डायनिंग टेबलवर, मावसभावाला टॉर्च धरायला बसवून केलं. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकतो, एका दिवशी एकच गोष्ट बदला. सगळे पार्ट एकदम घरी आले की हात शिवशिवतात हे मला माहितीये, पण प्रोसेसर, कार्ड, रॅम एकाच संध्याकाळी बदललं आणि स्क्रीन काळी राहिली तर चूक कुठे झाली ते शोधता शोधता रात्र जाते. एकच बदललं असेल तर दोष त्याच्यातच, किंवा ते बसवताना आपण जे हलवलं त्याच्यात. माझा क्रम होता आधी बायोस (पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) अपडेट, मग कार्ड, मग आठवडाभर वापर, मग प्रोसेसर. कार्ड आधी का, तर ५६०० मध्ये आतलं ग्राफिक्स नाही. २२००जी काढून ५६०० बसवला आणि कार्ड नसेल तर मॉनिटरवर काहीच येणार नाही, मग प्रोसेसर बिघडलाय का पिन वाकलीय का नुसतं कार्ड नाही म्हणून असं होतंय, कळायला मार्ग नाही. इंटेलमध्ये ज्याच्या नंबरपुढे एफ असतो, उदाहरणार्थ १२४००एफ, त्याचंही असंच.

आता नक्की अडतंय काय हे आधी बघा. माझ्याकडे कार्डच नव्हतं म्हणून उत्तर सोपं होतं, पण तुमच्याकडे जुनं १०५० टीआय किंवा १६५० असेल तर नुसता अंदाज बांधू नका. गेम चालू करा आणि रिझोल्युशन १०८० वरून ७२० वर आणा, बाकी सेटिंग तसंच ठेवा. एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात तो आकडा) झटकन वाढला म्हणजे कार्ड दमत होतं. एफपीएस जिथल्या तिथे राहिला म्हणजे प्रोसेसर अडवतोय, कारण रिझोल्युशन कमी केल्याने कार्डाचं काम हलकं होतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर टाकून कार्डाचा वापर किती टक्के चाललाय तेही दिसतं, ९५ च्या पुढे असेल तर कार्ड पूर्ण राबतंय. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर नुसता ४० टक्के दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका, तो सगळ्या कोअरचा सरासरी आकडा असतो, ग्राफवर राईट क्लिक करून प्रत्येक कोअर वेगळा बघा, एखादा बिचारा १०० ला टेकलेला असतो.

मग काय बसेल ते बघायचं. आपल्या बोर्डाचं पूर्ण नाव बोर्डावरच छापलेलं असतं, सीपीयू-झेड नावाच्या सॉफ्टवेअरमध्येही दिसतं, आणि एकाच नावाच्या बोर्डाच्या रिव्हिजन वेगवेगळ्या असतात तेव्हा तो छोटा रिव्हिजन नंबर पण टिपून घ्या. बोर्ड कंपनीच्या साईटवर त्या बोर्डाच्या पानावर सीपीयू सपोर्टची यादी असते, त्यात आपल्याला हवा तो प्रोसेसर आणि त्याच्यासमोर कोणत्या बायोसपासून चालतो तो आकडा. यादीत नाव असलं तरच पैसे मोजा. एएम४ (माझ्या बोर्डावरचं एएमडीचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा) वाल्यांचं नशीब चांगलं, २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० सिरीजपर्यंत सॉकेट तेच राहिलं, बी४५० वर बायोस अपडेट करून ५६००, ५७००एक्स, बोर्डाचं पॉवर सेक्शन बरं असेल तर ५७००एक्स३डी पर्यंत जाता येतं. एएम५ या पुढच्या सॉकेटला जायचं तर बोर्ड पण नवा आणि रॅम पण डीडीआर५, म्हणजे ते अपग्रेड नाही, नवीन पीसीच झाला.

इंटेलवाल्यांनी जरा जास्त सांभाळा. ११५१ नावाचं सॉकेट सहाव्या-सातव्या पिढीला पण आहे आणि आठव्या-नवव्याला पण, प्रोसेसर बसतो सुद्धा, पण एच११० सारख्या जुन्या बोर्डात आठव्या पिढीचा चालू होत नाही. १२०० सॉकेट दहावी-अकरावीचं, त्यातही एच४१० आणि बी४६० वर अकरावी साधारणपणे चालत नाही. १७०० सॉकेटवर बारावी, तेरावी, चौदावी.

पुढचा विषय एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय, आणि याच्यावर मी हट्टाने वेळ घालवणार आहे कारण आपल्याकडे लोक कार्डावर पंचवीस हजार घालतात आणि पॉवर सप्लाय कॅबिनेटसोबत फुकट आलेला तोच ठेवतात. खोक्यावर ४५० वॉट किंवा ५०० वॉट लिहिलंय ते बघू नका. एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो, त्यात १२ व्होल्टच्या खाली अँपिअर किती ते बघा आणि १२ ने गुणा. माझ्या जुन्यावर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं आणि १२ व्होल्टला फक्त १८ अँपिअर, म्हणजे २१६ वॉट. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. ५६०० चा टीडीपी, म्हणजे कंपनीने दिलेला विजेचा-उष्णतेचा आकडा, ६५ वॉट असला तरी जोर लागला की तो ७६ पर्यंत घेतो, ३०६० चे १७०, वर पंखे, डिस्क, बोर्ड, मिळून सव्वातीनशेच्या आसपास, शिवाय कार्ड क्षणभरासाठी याच्याहून जास्त ओढतं. २१६ वाल्याचं काय झालं असतं सांगायला नको. एनव्हिडिया ३०६० साठी ५५० वॉट सांगते, मी ८० प्लस ब्राँझ या कार्यक्षमतेच्या दर्जाचा ५५० घेतला, त्यावर १२ व्होल्टला ४५ अँपिअर आहेत. बजेट कमी असेल तर कार्ड एक पायरी खालचं घ्या पण एसएमपीएस चांगला घ्या. कमी वीज खाणारं हवं तर आरटीएक्स ४०६० हे ११५ वॉटचं आहे, एएमडीचं आरएक्स ६६०० हे १३२ चं.

एक गोष्ट राहिली, अर्थिंग. जुन्या नाशकातल्या, पंचवटीतल्या वाड्यांमध्ये अजून बऱ्याच ठिकाणी जुनी वायरिंग आहे, तीन पिनचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. चालू पीसीच्या कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झिणझिणत असेल तर समजा अर्थिंग नाही. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मग कार्ड आणा.

जागा मोजा. टेप घेऊन कॅबिनेटच्या मागच्या पत्र्यापासून पुढच्या पंख्यापर्यंत आतून किती मिलिमीटर मिळतात ते बघा आणि कार्डाच्या पानावरच्या लांबीशी ताडून बघा. जुन्या कॅबिनेटमध्ये हार्डडिस्कचा पिंजरा मध्ये येतो.

कार्ड निवडताना दोन-तीन खाचखळगे लक्षात ठेवा. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं पण ते पीसीआयई ४ (कार्ड आणि बोर्ड जोडणारा रस्ता) च्या फक्त ४ लेनवर चालतं, बी४५० सारख्या पीसीआयई ३ च्या बोर्डात त्याचा वेग दिसण्याइतका पडतो. आरटीएक्स ३०६० दोन तऱ्हेचं आहे, १२ जीबी आणि ८ जीबी, आणि ८ वाल्यात नुसती मेमरी कमी नाही, मेमरीचा रस्ताही अरुंद आहे, १९२ बिटऐवजी १२८. नाव तेच असल्यामुळे बिलावर १२ जीबी लिहून घ्या. आरएक्स ५८० जुनं घेत असाल तर २०४८एसपी हा शब्द शोधा, ते नावाला ५८० पण ताकदीला ५७० आहे.

खरेदी कुठून? आपल्याकडे एम.जी. रोड, शरणपूर रोड, कॉलेज रोड या पट्ट्यात फिरलं की चालू मॉडेल मिळतात, आणि काही बिघडलं तर माणूस समोर असतो, याची किंमत मला दोन-पाचशे रुपयांपेक्षा जास्त वाटते. निवड जास्त हवी असेल तर सकाळी नाशिकरोडहून मुंबईची पंचवटी एक्सप्रेस पकडायची, दादरला उतरून पश्चिम रेल्वेची लोकल धरायची, ग्रँट रोड स्टेशनपासून लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात चालत, संध्याकाळच्या पंचवटीने परत. पण जाण्यायेण्याचा खर्च आणि एक सुट्टी धरून हिशोब करा, आणि वॉरंटीसाठी पुन्हा तिकडे जावं लागेल का तेही विचारा. ऑनलाईन घेतलं तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढून ठेवा. कुठूनही घ्या, जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर सिरियल नंबर हवाच. "बिल नको असेल तर थोडं कमी करतो" म्हटलं की तिथून निघा.

प्रोसेसर खोकाबंद आणि ट्रे (खोक्याशिवाय सुटा) अशा दोन प्रकारात मिळतो. खोकाबंद ५६०० मध्ये कूलर येतो, ट्रे पीसमध्ये बहुतेक वेळा येत नाही, आणि वॉरंटी कोण देणार हे लेखी घ्या. माझ्यासारखा जुना रेथ स्टेल्थ कूलर हाताशी असेल तर चालून जातो.

सेकंडहँड कार्डाबद्दल लोक खूप विचारतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर गणितं चालवून चलन मिळवणं) बंद झालं आणि त्यानंतर मायनिंगमध्ये वापरलेली ढीगभर कार्डं बाजारात आली, ती अजून हातोहात फिरतायत. मायनिंगचं कार्ड म्हणजे खराबच असं नाही, पण विकणाऱ्याच्या घरी जाऊन चालू पीसीत बघितल्याशिवाय घेऊ नका. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड पेनड्राइव्हवर घेऊन जा, स्वस्तातल्या १०५० टीआय मध्ये जुन्या कार्डावर खोटा बायोस टाकून विकण्याचे प्रकार झालेत आणि जीपीयू-झेड अशी बरीच कार्डं ओळखून फेक म्हणून दाखवतं. २० मिनिटं जड गेम चालवा, पंख्यांचा आवाज ऐका, मागचे स्क्रू बघा, त्यांची खाच झिजलेली असेल तर कार्ड आधी उघडलेलं आहे.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवात बायोसने, आणि ते जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचं. नवीन प्रोसेसर जुन्या बायोसला ओळखू येत नाही, मग स्क्रीनच येत नाही, आणि स्क्रीन नाही तर बायोस बदलणार कसा. काही बोर्डांवर प्रोसेसरशिवाय फ्लॅश करायचं बटण असतं पण बी४५० च्या बहुतेक स्वस्त बोर्डांवर नसतं. कंपनीच्या पानावरून फाईल उतरवा, सोबतची सूचना नीट वाचा कारण काही बोर्डांना आधी मधली एखादी आवृत्ती किंवा छोटं टूल चालवावं लागतं, माझ्या बोर्डालाही एक मधला टप्पा होता. पेनड्राइव्ह फॅट३२ करा, फाईल अनझिप करून टाका, रिस्टार्ट करून बायोसमध्ये जा आणि तिथलंच फ्लॅशचं साधन वापरा, गिगाबाईटमध्ये क्यू-फ्लॅश, एमएसआयमध्ये एम-फ्लॅश, आसूसमध्ये ईझेड फ्लॅश. विंडोजमधून करू नका. ही पाच मिनिटं लाईट जाता कामा नये. वळवाच्या पावसाचे दिवस असतील, वारं सुटलं असेल तर त्या दिवशी हात लावू नका, महावितरणचा मेंटेनन्सचा मेसेज आलाय का बघा, आणि यूपीएस नसेल तर शेजाऱ्याकडून एका दिवसासाठी मागून आणा. मी यूपीएसची बॅटरी आदल्या दिवशी प्लग काढून तपासली होती, तीन वर्षं जुनी बॅटरी नावालाच असते.

बायोस झाल्यावर सगळी सेटिंग मूळपदाला जातात हे लक्षात ठेवा. रॅमचं एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) परत चालू करा. मला तेव्हाच कळलं की माझी ३२०० ची रॅम इतकी वर्षं २४०० वर चालत होती, एक्सएमपी मी कधी चालूच केलेलं नव्हतं. अँड्रॉइड इम्युलेटर वापरत असाल तर एसव्हीएम हे सेटिंग पण परत चालू करायला लागतं.

कार्ड बसवायचं काम अर्ध्या तासाचं. थंडीत नाशिकची हवा कोरडी असते, स्वेटर काढताना ठिणग्या उडतात तशीच वीज आपल्या बोटांवर बसलेली असते, म्हणून लोकरीचं काही अंगात नको आणि गालिच्यावर बसून काम नको. पीसी बंद करा, प्लग जागेवर असतानाच कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडाला हात लावा, मग प्लग काढा, पॉवरचं बटण १० सेकंद दाबून ठेवा म्हणजे आत उरलेली वीज जाते, आणि काम चालू असताना अधूनमधून त्या लोखंडाला हात लावत राहा. धूळ ब्लोअरने गच्चीवर काढा, पंखा बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने तो सुसाट फिरू देऊ नका.

वरचा लांब स्लॉट आपला. त्याच्यासमोरच्या मागच्या दोन पट्ट्या काढा, स्लॉटच्या टोकाची खिट्टी मागे करा, कार्ड सरळ धरून दाबा, खट आवाज आला की बसलं, मग मागचे स्क्रू. वायर लावताना घोळ होतो तो इथे: एसएमपीएसमधून आठ पिनच्या दोन जातीच्या वायरी येतात, एक ६+२ अशी तुटते ती कार्डाची, दुसरी ४+४ अशी तुटते ती प्रोसेसरची, आणि दोन्हीच्या खाचा वेगळ्या असतात. जात नसेल तर जोर करू नका, चुकीची वायर आहे. ४०७० किंवा वरचं घेत असाल आणि त्याला नवा १६ पिनचा कनेक्टर असेल तर तो तळापर्यंत घुसलाय हे डोळ्यांनी बघा, अर्धवट बसला तर वितळतो.

आणि मॉनिटरची वायर आता बोर्डातून काढून कार्डात लावायची. सांगायला क्षुल्लक वाटतं पण मला येणाऱ्या दहा फोनपैकी निम्मे याच्यासाठीच असतात, कार्ड घेतलं आणि गेम तसाच अडकतो, किंवा स्क्रीनच येत नाही, आणि जाऊन बघावं तर एचडीएमआय बोर्डालाच.

ड्रायव्हरचं म्हणाल तर कार्ड बदलण्याआधी डीडीयू नावाचं टूल सेफ मोडमध्ये चालवून जुना ड्रायव्हर मुळापासून काढा, इंटरनेट बंद ठेवा नाहीतर विंडोज मध्येच आपला ड्रायव्हर घुसवतं, मग नवा ड्रायव्हर टाका. नवा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवायचा.

मग आठवडाभर नुसतं वापरलं. एडिटिंगला फरक पहिल्याच दिवशी कळला, एक्सपोर्टचा वेळ निम्म्याच्या खाली आला, पण गेममध्ये गर्दीच्या जागी कार्ड ६० टक्क्यांवर रेंगाळायचं आणि २२००जी चे चारही कोअर १०० वर. म्हणजे आता अडवणारा कोण ते स्वच्छ दिसत होतं, आणि कार्ड, एसएमपीएस, ड्रायव्हर हे तिघंही बरोबर आहेत याचीही खात्री झाली.

प्रोसेसरच्या दिवशी एक गोष्ट आधी तपासा, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (विंडोज डिस्कवरच्या डेटाला लावतं ते कुलूप) चालू आहे का. विंडोज ११ च्या २४एच२ पासून नव्याने इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ते बहुतेक पीसीवर आपोआप चालू होतं, आपल्याला पत्ताही नसतो. रायझनमध्ये त्याची किल्ली प्रोसेसरमधल्या एफटीपीएम नावाच्या सुरक्षा भागात असते, प्रोसेसर बदलला की किल्ली गेली आणि विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. एका मित्राच्या ऑफिसच्या पीसीवर असं झालं आणि की कोणत्या ईमेलवर आहे हे शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली, त्यावर जीएसटी रिटर्नचा डेटा होता. तेव्हा आधी एन्क्रिप्शन सस्पेंड करा, की कागदावर लिहून घ्या, आणि महत्त्वाच्या फोल्डरचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर.

आता कूलर काढणं, एएम४ वाल्यांनी हे दोनदा वाचा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, १३३१ पिना, आणि प्रोसेसरला वरून धरणारी पत्र्याची चौकट नसते, फक्त बाजूच्या खटक्याने तो धरलेला असतो. कूलर आणि प्रोसेसरच्या मधली उष्णता वाहणारी जुनी पेस्ट सुकून डिंकासारखी झालेली असते. काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या गारठ्यात सकाळी सकाळी मी एका ओळखीच्यांच्या पीसीचा कूलर सरळ वर ओढला आणि खटका लागलेला असताना प्रोसेसर त्याच्यासकट उपसून आला, कोपऱ्यातल्या तीन पिना आडव्या. आत शिसं घालायच्या पेन-पेन्सिलचं ०.७ चं रिकामं टोक एकेका पिनेवर घालून हलक्या हाताने सरळ केल्या, दीड तास लागला, आणि तो चालू होईपर्यंत घशाला कोरड पडली होती.

म्हणून या वेळी आधी पीसीवर २० मिनिटं रेंडर लावला, पेस्ट गरम होऊन मऊ झाली, मग बंद करून लगेच कामाला लागलो. कॅबिनेट आडवं केलं, मागचं झाकणही काढलं, कारण स्टेल्थ कूलरचे चार स्क्रू थेट बोर्डामागच्या लोखंडी पट्टीत जातात आणि स्क्रू सुटले की ती पट्टी मागे पडते. मावसभावाने खालून हात घालून ती धरली. स्क्रू एकदम एक पूर्ण काढायचा नाही, समोरासमोरचे दोन-दोन आटे सैल करत जायचं. पंख्याची वायर काढली. मग कूलर वर न ओढता, बरणीचं घट्ट झाकण उघडतो तसा डावीकडे थोडा, उजवीकडे थोडा, नुसता पिळत राहिलो. पहिल्यांदा काहीच हललं नाही. चौथ्या-पाचव्या वेळी चिकट, बारीक आवाज आला आणि कूलर एका कडेने सुटला. "दादा, आला का रे सोबत?" भावाने खालून विचारलं. नव्हता आला, प्रोसेसर जागेवर होता, वर राखाडी पेस्टचा पापुद्रा.

खटका बाहेर ओढून सरळ उभा केला, जुना प्रोसेसर कडांनी धरून उचलला. नव्याच्या एका कोपऱ्यावर छोटा सोनेरी त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवर, दोन्ही एका बाजूला आणायचे आणि प्रोसेसर नुसता ठेवायचा. दाबायचा नाही. बरोबर असेल तर स्वतःच्या वजनाने खाली बसतो, चारही कडा सपाट दिसतात, मगच खटका खाली. इंटेलमध्ये आणि एएम५ मध्ये उलटं, पिना बोर्डात असतात, तिथे सॉकेटवर काही पडू द्यायचं नाही आणि बोट तर अजिबात नको.

नव्या कूलरच्या बुडाला पेस्ट आधीच लावलेली असते, त्यावर वेगळी लावू नका. जुना कूलर वापरणार असाल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं फडकं घेऊन बूड चकचकीत करा आणि प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट ठेवा, बोटाने पसरवायची गरज नाही, कूलर दाबला की पसरते. स्क्रू परत समोरासमोर, थोडे थोडे. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागी. दुसरी रॅम मी या दिवशी लावली नाही, दोन दिवसांनी लावली, चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन मिनिट-दोन मिनिटं काळी राहू शकते, पीसी स्वतःच एक-दोनदा बंद-चालू होतो, रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबू नका. मग नवीन प्रोसेसर आलाय, एफटीपीएम रीसेट करू का, असा इंग्रजीत प्रश्न येतो, वाय किंवा एन. बिटलॉकर नसेल किंवा की हातात असेल तर वाय. नंतर बायोसमध्ये जाऊन तापमान बघा, नुसतं बसल्या बसल्या ७०-८० च्या पुढे चढत असेल तर कूलर एका बाजूने उचललेला आहे, बंद करून परत बसवा.

विंडोज ११ टाकायचं असेल आणि रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारं सेटिंग) चालू करायचा असेल तर दोन्हीला बायोसमध्ये यूईएफआय हा नवा मोड लागतो, सीएसएम (जुन्या पद्धतीचा मोड) बंद करावं लागतं. त्याआधी सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोड बघा, लेगसी लिहिलेलं असेल तर सीएसएम बंद केल्यावर विंडोज उघडणारच नाही. आधी विंडोजमधलंच एमबीआर२जीपीटी हे टूल चालवून डिस्कची मांडणी बदलून घ्यायची, अर्थात बॅकअप घेऊन.

सिनेबेंच ही प्रोसेसरवर जोर टाकणारी चाचणी १० मिनिटं चालवली तेव्हा थंडीत प्रोसेसर ७४ अंशांपर्यंत गेला. ५६०० ची मर्यादा ९० आहे, म्हणजे ठीक. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० ला जातो आणि खोली तापते, तेव्हा तेच आकडे आठ-दहा अंशांनी वर जाणार हे धरून चाला. मी बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज कमी-जास्त करणारं सेटिंग) सगळ्या कोअरला उणे १५ ठेवलाय, तापमान पाच अंश उतरलं आणि वेग तसाच राहिला. प्रत्येक प्रोसेसरला हे झेपेलच असं नाही, उणे १० पासून सुरू करा आणि दोन-तीन दिवस वापरून बघा, आपोआप रिस्टार्ट व्हायला लागला तर मागे या. पुढचा एक पंखा आत हवा घेणारा आणि मागचा एक बाहेर टाकणारा एवढं असलं तरी पुष्कळ होतं.

जुना २२००जी मी विकला नाही. नव्या प्रोसेसरच्या प्लॅस्टिकच्या डबीत, पिना सुरक्षित राहतील असा, कपाटात ठेवलाय. उद्या स्क्रीन गेली आणि कार्ड गेलंय का बोर्ड हे कळेना, तर तो लावून बोर्डाच्याच एचडीएमआयवर बघता येतं. मावसभावाचा सातपूरचा पीसी परवा असाच बंद पडला, तोही एएम४ च आहे, डबी खिशात घालून गेलो, अर्ध्या तासात कळलं की बोर्ड ठणठणीत आहे, कार्डच गेलंय, आणि ते वॉरंटीत होतं.